परस आणि त्याचे वाटेकरी

मराठी वाङ्मयांत अरण्य पुष्कळ आहे, आणि उपवनांचाही तोटा नाहीं. राम आणि पांडव ह्यांच्या निमित्तानें पंडित कवींनीं वनें वर्णिलीं. नाटककारांनीं नायक-नायिकांच्या भेटीसाठीं बागा फुलविल्या. अलीकडच्या लेखकांनीं तर खरोखरीच्या जंगलांत वर्षानुवर्षें राहून त्यांचा परिचय करून दिला. पण ज्या भूमीशीं मराठी गृहस्थाचा, आणि त्याहूनही गृहिणीचा, रोजचा संबंध, त्या परसाकडे आमच्या लेखकांचें लक्ष क्वचितच गेलें आहे. स्वयंपाकघराच्या मागल्या दारापासून कुंपणापर्यंतची अर्ध्या-पाऊण गुंठ्याची जागा, मोरीच्या पाण्यावर पोसलेलें अळू आणि केळ, कोपऱ्यांतला शेवगा व कढीलिंब, मांडवावरचा दोडका, वाफ्यांतली मेथी-कोथिंबीर, आणि ह्या सर्वांवर आपला हक्क सांगणारे खार, बुलबुल, घूस, सुरवंट, धामण हे वाटेकरी, एवढें हें जग. ह्या जगाविषयीं जें थोडें लिहिलें गेलें आहे त्याची किंमत काय, आणि जें लिहिलें गेलें नाहीं तें कोणत्या प्रकारचें असावें, ह्याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

विषय क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. अरण्यांत मनुष्य पाहुणा असतो. तेथें वाघानें हरिण मारलें तर त्याच्या पदरचें कांहीं जात नाहीं, आणि म्हणून तेथलें त्याचें औदार्य स्वस्त असतें. मोठ्या शेतांत तो मालक असतो, परंतु शेताचा हिशेब बाजाराशीं आणि कर्जाशीं बांधलेला असल्यामुळें तेथें दयेला फारशी सवड उरत नाहीं. परसांत मात्र मालकी आणि सवड दोन्ही एकत्र येतात. आपण पेरलेलें, आपण पाणी घातलेलें पहिलें वांगें सकाळीं तोडावें म्हणून जावें, आणि तें रात्रीं कोणीतरी अर्धें खाऊन ठेवलेलें पाहावें, हा अनुभव लहान खरा. पण त्या क्षणीं मनुष्याची दया, त्याचा लोभ आणि त्याचें ज्ञान हीं तिन्ही एकदम कसोटीस लागतात. ज्या वाङ्मयाला ह्या क्षणाविषयीं कांहीं सांगतां येत नाहीं, त्यानें भूतदयेच्या गोष्टी कितीही गोड शब्दांत सांगितल्या तरी त्या आम्हांस अपुऱ्या वाटतात.

हा विचार आम्हांस सुचला तो सायखेड्यास. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांतला हा गोदाकांठचा गांव. भोंवतालीं कांदा, द्राक्षें आणि ऊंस. नदीच्या ओघानें खालीं गेलें म्हणजे गोदावरी आणि कादवा ह्यांच्या संगमापाशीं नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा लागतो. इंग्रजी अमदानींत बांधलेल्या ह्या बंधाऱ्यामागें गाळ साचला, पाणथळ झालें, पाणपक्षी येऊं लागले. १९८६ सालीं तेथें अभयारण्य झालें, आणि २०२० सालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादींत महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ म्हणून त्याचा समावेश जाहीर झाला. हिवाळ्यांत दूरदूरचे लोक दुर्बिणी घेऊन तेथें जातात, आणि तें योग्यच आहे. पण तेथें जाणाऱ्यांपैकीं कितीकांनीं आपल्या मागल्या दारीं अळूच्या पानाला टांके घालून घरटें शिवणारा शिंपी पक्षी थांबून पाहिला असेल, असा प्रश्न मनांत आल्याशिवाय राहत नाहीं. सायखेड्याच्या परसांत बसून आम्हीं जीं पुस्तकें आणि ज्या कथा पुन्हां वाचल्या, त्यांचें मोल आम्ही ह्याच मापानें करणार आहों.

आमच्या प्रांतांत ह्या विषयावर लिहिलेलें एक ठळक जुनें पुस्तक मराठी नाहीं, इंग्रजी आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा लेखक १८५१ सालीं साताऱ्यास जन्मला आणि मुंबई इलाख्याच्या मीठ व जकात खात्यांत त्यानें नोकरी केली. १८८३ सालीं मुंबईस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या आठ संस्थापकांत तो होता. आणि त्याच वर्षीं ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हें त्याचें पुस्तक प्रसिद्ध झालें. उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळें, बेडूक, बागेंतले पक्षी हे त्याचे नायक. घराच्या ओसरीवरून दिसणारें जीवन हा एका संपूर्ण पुस्तकाचा विषय होऊं शकतो, हें त्यानें सिद्ध केलें, आणि ह्याबद्दल त्याचे आभार मानलेच पाहिजेत. त्याची नजर तीक्ष्ण आहे, विनोद निर्विष आहे, आणि कावळ्यासारख्या नित्याच्या प्राण्याकडे पाहतांनाही तो कंटाळत नाहीं. 

पण त्या पुस्तकाच्या नांवाचाच विचार करा. ‘माझ्या सरहद्दीवरच्या टोळ्या’ असा त्याचा अर्थ. आणि खालीं जोडनांव आहे तें हिंदुस्थानांतल्या एका निसर्गशास्त्रज्ञाचें परराष्ट्रीय धोरण असें. हा विनोद त्या काळच्या साहेबी राज्यकारभाराचा आहे. बंगला हें सरकार, कुंपण ही सरहद्द, आणि पलीकडचे जीव ह्या बंडखोर टोळ्या. विनोद म्हणून तो खपतो. परंतु त्याच्या मुळाशीं असलेली दृष्टि मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. एटकेनच्या बागेंत उंदीर शिरला तर त्याची करमणूक होते, कारण त्याचा पगार बागेवर अवलंबून नाहीं. ज्याच्या हातून ती बाग पिकते त्या माळ्याच्या बाजूनें हें नुकसान कसें दिसतें, हा प्रश्न त्याला पडत नाहीं. पुढें १८८९ सालीं त्यानें ‘बिहाइंड द बंगलो’ हें दुसरें पुस्तक लिहिलें, तें घरच्या नोकरचाकरांवर. आणि दोन्ही पुस्तकें लागोपाठ वाचणाऱ्यास असें दिसून येतें कीं, पालीकडे आणि नोकराकडे पाहण्याची लेखकाची नजर एकच आहे. दोघेही गमतीचे, दोघेही सरहद्दीपलीकडचे.

शिवाय ही सरहद्दीची कल्पना वस्तुस्थितीलाही धरून नाहीं. परसांतली तांबड्या भोपळ्याची फुलें पहांटे उमलतात आणि ऊन चढलें कीं मिटूं लागतात. तेवढ्या वेळांत मधमाशीनें नरफुलावरचा पराग मादीफुलावर नेला नाहीं, तर बोटाएवढा झालेला भोपळा पिवळा पडून गळतो. दुधी आणि दोडका संध्याकाळीं फुलतात, पडवळाचीं झालरदार पांढरीं फुलें तर रात्रीचीं. त्यांचे पाहुणे मुख्यतः पतंग. रताळ्याच्या वेलाचीं पानें फस्त करणारी, शेपटाला शिंग असलेली जाड अळी आम्ही चिमट्यानें उचलून फेंकतों. तीच पुढें मोठा पतंग होते, आणि तसलेच पतंग तिन्हीसांजेला दुधीच्या फुलांवर घिरट्या घालतात. आतां ही टोळी शत्रूची म्हणावी कीं मित्राची? ज्या कुंपणावरून तिला हांकलावयाचें त्याच कुंपणावरून तिला बोलवावयाचें आहे. एटकेनचें परराष्ट्रीय धोरण ह्या ठिकाणीं निरुपयोगी ठरतें.

ह्याच्या अगदीं उलट टोंकाला आमचें संतवाङ्मय आहे. अरणचे सावता माळी हे तर प्रत्यक्ष भाजीपाल्याचे संत. पंढरीची वाट न धरतां त्यांनीं आपल्या मळ्यालाच पंढरी मानिलें, आणि वाफ्यांतल्या भाजींत आपलें दैवत पाहिलें. भाजी हा विषय काव्यास हलका नाहीं, हें मराठींत सातशें वर्षांपूर्वींच ठरून गेलें होतें. नंतरच्या कवींनीं त्याचा लाभ घेतला नाहीं हा त्यांचा दोष. तुकोबांनीं पुढें वनांतल्या झाडांशीं आणि पाखरांशीं सोयरीक जोडली. ही दृष्टि थोर आहे ह्यांत शंका नाहीं. पण आमचा प्रश्न असा कीं, सोयरा जेव्हां आपल्या ताटांतलें खाऊं लागतो तेव्हां काय करावें?

ह्या प्रश्नाला भिडणारी एक कथा तुकोबांच्या चरित्रांत आहे. त्यांस कोणा शेतकऱ्यानें शेताच्या राखणीस ठेविलें. पाखरें कणसांवर उतरलीं. तुकोबांस त्यांना हांकलवेना. तीं पोटभर खाऊं लागलीं आणि तुकोबा पाहत राहिले. मालकानें येऊन पाहिलें तों शेत उजाड. तंटा पंचांपुढें गेला, भरपाई ठरली; आणि मग उरलेल्या शेतांतून इतकें धान्य निघालें कीं भरपाई होऊनही तें उरलें. लहानपणीं ही कथा ऐकतांना आम्हांस शेवटचा चमत्कार आवडे. आतां तीच जागा आम्हांस दुबळी वाटते. कारण कथेंतला खरा पेंच असा आहे कीं, दया तुकोबांची आणि धान्य दुसऱ्याचें. पंचांनीं भरपाई लावली, येथपर्यंत कथा अत्यंत सत्य आहे. दयेची किंमत कोणीतरी द्यावी लागते हें गांवच्या पंचांनीं ओळखलें होतें. पण चमत्कार घडतो, रास वाढते, आणि तो प्रश्न सोडविला न जातां नुसता नाहींसा होतो. भाविकाला त्यानें समाधान लाभेल. परंतु ज्याच्या परसांत रास वाढत नाहीं त्यानें काय करावें, ह्याचें उत्तर मिळत नाहीं. आजही बंगल्यांत राहणारा पक्षिमित्र द्राक्षबागाइतदाराला जाळीं काढण्याचा उपदेश करतो तेव्हां तो ह्याच कथेचा पूर्वार्ध जगत असतो. फरक इतकाच कीं त्याच्यामागें पंच नसतात आणि पुढें चमत्कारही नसतो.

तेव्हां एका बाजूस सरहद्द आणि दुसऱ्या बाजूस चमत्कार. ह्या दोहोंच्या मधली, परसाला खरोखर साजेशी दृष्टि आम्हांस सांपडली ती पंडितांच्या किंवा संतांच्या ग्रंथांत नाहीं, तर बायकांच्या गाण्यांत आणि कहाण्यांत. हें स्वाभाविकच होतें, कारण परस हें त्यांचेंच राज्य.

हस्त नक्षत्रांत मुली भोंडला खेळतात, त्यांतलें कारल्याच्या वेलाचें गाणें सर्वांच्या परिचयाचें आहे. सून माहेरीं जाण्याची परवानगी मागते. सासू तिला कारल्याचें बीं पेरावयास सांगते. मग त्याला अंकुर येऊं दे, मग वेल चढूं दे, मग फूल, मग कारलें, मग त्याची भाजी, असें करीत माहेर लांबत जातें. एका भाजीचा संपूर्ण जीवनक्रम आणि एका मुलीची संपूर्ण व्यथा ह्यांची अशी सांगड घालणारी रचना आमच्या लिखित काव्यांत आम्हांस आढळली नाहीं. कडू भाजीची निवड देखील सहज झालेली नाहीं. परसकामांत जी एक अपरिहार्य प्रतीक्षा असते, बीं घाईनें उगवत नाहीं ह्याचें जें दुःख आणि जें समाधानही असतें, त्यांपैकीं दुःखाची बाजू ह्या गाण्यानें कायमची सांगून ठेविली आहे. एकच उणीव अशी कीं, ह्या वेलावर माशी बसत नाहीं, अळी पडत नाहीं. गाण्यांतलें कारलें बिनबोभाट पिकतें. वाटेकऱ्यांना त्यांत प्रवेश नाहीं.

तो प्रवेश नागपंचमीच्या कहाणींत मिळतो, आणि आमच्या मतें ह्या विषयावरील मराठींतली ही सर्वोत्तम कृति होय. शेतकरी नांगरतो आहे. नांगराचा फाळ वारुळांत जातो. नागिणीचीं पिल्लें मरतात. शेतकऱ्यानें तें मुद्दाम केलेलें नाहीं, त्याला त्याची जाणीवही नाहीं. पण नागिणीच्या दृष्टीनें पिल्लें मेलीं हें खरें. ती सूड घेते, शेतकऱ्याचें कुटुंब दंशानें मरतें. मग ती परगांवीं दिलेल्या लेकीला मारावयास जाते, तों लेक पाटावर नागांचीं चित्रें काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवीत बसलेली असते. नागीण निवते, लेकीच्या माहेरची माणसें पुन्हां उठतात, आणि वर्षांतून एक दिवस नांगर धरूं नये, खणूं नये, चिरूं नये, असा निर्बंध ठरतो.

ह्या कहाणीचा विचार थोडा सावकाशीनें करण्यासारखा आहे. येथें कोणी दुष्ट नाहीं. जमीन कसणें हेंच कोणाच्या तरी घरावरून नांगर फिरविणें आहे, ही गोष्ट ती प्रथमच मान्य करते. एटकेनला ही गोष्ट दिसली नाहीं, आणि तुकोबांच्या कथेंत हानि एकाच पक्षाची होते. कहाणींत दोन्ही पक्षांचीं मुलें मरतात. आणि समेट होतो तो कोणी एकजण जिंकल्यामुळें किंवा कोणी एकजण संत असल्यामुळें होत नाहीं. दोघांनीं पाळावयाचा एक नियम ठरतो म्हणून होतो. मृतांचें उठणें हा येथेंही चमत्कारच, हें खरें. परंतु येथें चमत्काराच्या मागोमाग नियम येतो, आणि तो नियम आजपर्यंत पाळला जात आहे. सायखेड्यास श्रावणांत त्या दिवशीं आजही पुष्कळ घरीं विळी आडवी पडते आणि कुदळ भिंतीला टेंकते.

अर्थात् ह्या वाङ्मयाचे दोष झांकून ठेवण्याचें आम्हांस कारण नाहीं. दूध हें सापाचें अन्न नव्हे. कहाणींतल्या नैवेद्याचा शब्दशः अर्थ घेऊन गारुड्यांनीं कैक वर्षें उपाशी नागांना दूध पाजून मारिलें. आणि पंचमीला चित्राची पूजा करणाऱ्या त्याच घरांत षष्ठीला धामण निघाली तर काठ्या घेऊन चार जण धांवतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें ह्या चौघांचें भय खरें आहे; त्यांपैकीं कोणी परसांत आला तर जाणत्यास बोलवावें, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जातां थेट रुग्णालय गांठावें. पण धामण बिनविषारी, आणि घुशी-उंदरांची ती काळ. एका दिवसाच्या नियमाला तीनशें चौसष्ट दिवसांच्या ज्ञानाची जोड मिळाली नाहीं, हा त्या कहाणीचा नव्हे, तर तिच्या श्रोत्यांचा अपराध होय.

आतां अर्वाचीन लेखकांकडे वळूं. दुर्गाबाई भागवतांचें ‘ऋतुचक्र’ १९५६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि मराठी गद्याला बारा महिन्यांकडे पाहावयास त्यानें शिकविलें. त्या पुस्तकाची थोरवी आम्ही नव्यानें सांगावी अशी नाहीं. परंतु त्याची दृष्टि पाहणाराची आहे. फळ किती आलें आणि त्यांतलें कोण खाऊन गेलें, हा हिशेब त्याचा विषय नव्हे. मारुती चितमपल्ली ह्यांनीं वनाधिकारी म्हणून आयुष्य जंगलांत घालविलें, ‘रानवाटा’सारखीं पुस्तकें आणि ‘पक्षिकोश’ मराठीला दिला, आणि २०२५ सालीं ते निवर्तले. त्यांच्यामुळें मराठी वाचकास पांखरांचीं आपल्या भाषेंतलीं नांवें परत मिळालीं. हें ऋण मोठें आहे. तरीही त्यांची वाट रानाकडे जाते, परसाकडे येत नाहीं. हा त्यांच्यावरील आक्षेप नव्हे. त्यांनीं आपला प्रांत संपूर्ण पाहिला. उरलेला प्रांत पाहणारा कोणी निघाला नाहीं, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें आहे.

परसबागेवर थेट लिहिलेलीं पुस्तकें आहेत तीं बहुतेक हस्तपुस्तिकेच्या स्वरूपाचीं. त्यांत श्री. अ. दाभोलकर ह्यांचें ‘विपुलाच सृष्टी’ वेगळें उठून दिसतें. गणिताच्या ह्या अध्यापकानें पालापाचोळा, स्वयंपाकघरांतला ओला कचरा आणि पानांवर पडणारें ऊन ह्यांचा हिशेब सामान्य माणसाला करावयास शिकविला. सृष्टि मुळांत विपुल आहे, कमतरता आमच्या समजुतींत आहे, हा त्यांचा सिद्धांत परसाला उत्साह देणारा आहे. बाकीच्या पुस्तिका मात्र एकाच सांच्यांतल्या. लागवड, खत, पाणी, आणि शेवटीं ‘कीड व रोग’ हा मथळा. त्या मथळ्याखालीं परसांतलें निम्मे जीवन एकदम ढकललें जातें. मावा ही कीड खरी. पण त्याच पानावर मावा खाणारी ठिपक्यांची ढालकीड आणि तिची काळी, मगरीसारखी दिसणारी अळी असते, आणि तिला न ओळखणारा गृहस्थ दोघांवर एकच औषध मारतो. मावा आठ दिवसांत पुन्हां भरतो. ढालकीड तितक्या लवकर भरत नाहीं.

ह्या बाबतींत आम्हीही निर्दोष नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. एका वर्षीं घुशींनीं रताळ्याचा वाफा उकरला म्हणून आम्हीं एका पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें विषाच्या वड्या ठेविल्या. प्रमाण बरोबर होतें, घुशी मेल्या. आठ-दहा दिवसांनीं कढीलिंबाखालीं गव्हाणी घुबड मरून पडलेलें आढळलें. विषानें मंदावलेला उंदीर खाऊन तें मेलें असावें, हें आम्हांस मागाहून समजलें. घुबडाचें एक जोडपें पिल्लें वाढवितांना ज्या संख्येनें उंदीर मारतें तितके कोणत्याही वड्यांनीं मरत नाहींत. पुढल्या पावसाळ्यांत घुशी पूर्वीपेक्षां अधिक झाल्या. पुस्तिकेंत वडीचें वजन होतें, घुबडाचें नांव नव्हतें. वाङ्मयांतील उणीव ही केवळ रसिकांची अडचण आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं ह्या उदाहरणाचा विचार करावा.

कायद्याच्या भाषेलाही हाच दोष पुष्कळ वर्षें होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला एक पांचवी अनुसूची होती, आणि तींत कावळा, फळें खाणारीं वटवाघळें, घरांतले आणि शेतांतले उंदीर ह्यांस ‘उपद्रवी’ असें नांव देऊन संरक्षणाबाहेर टाकिलें होतें. वटवाघूळ पेरू खातें हें खरें; तें रात्रीं फुलांचे पराग नेतें आणि बिया दूरवर टाकतें हेंही खरें. २०२२ च्या दुरुस्तीनें ती वेगळी अनुसूची काढून टाकण्यांत आली, आणि एखादा प्राणी विशिष्ट प्रदेशापुरता आणि मुदतीपुरता उपद्रवी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकाराकडे राहिला. ह्या बदलांत भाषेच्या अभ्यासकास एक तत्त्व दिसेल. उपद्रव हा प्राण्याचा जातिधर्म नाहीं. तो एका स्थळींचा आणि एका वेळचा प्रसंग आहे. परसावर लिहिणारानें हें तत्त्व प्रथम गांठीस बांधावें.

मग अपेक्षित पुस्तक कसें असावें? तें आमच्या कल्पनेप्रमाणें हिशेबाचें असावें, पण हिशेब दुहेरी असावा. बुलबुलानें किती टोमॅटो फोडले हें त्यांत यावें, आणि त्याच बुलबुलानें पिल्लांसाठीं किती अळ्या नेल्या हेंही यावें. भारद्वाज कुंपणाखालून चोरासारखा चालतो म्हणून मुलें त्याला दगड मारतात. तोच शंखी गोगलगाईचा मोठा भक्षक. ही गोगलगाय मूळची आफ्रिकेची. १८४७ सालीं कलकत्त्यास एका हौशी संग्राहकानें ती बागेंत सोडली असें सांगतात, आणि २०२२ च्या पावसाळ्यांत तिनें मराठवाड्यांत सोयाबीनचीं कोंवळीं शेतें खाऊन टाकिलीं. एका बागेंतली हौस पावणेदोनशें वर्षांनीं दुसऱ्याच्या शेतांत कशी उगवते, हें ज्या लेखकाला सांगतां येईल त्याला कादंबरीकाराहून कमी मानण्याचें कारण नाहीं.

त्या पुस्तकांत भाबडेपणा नसावा. निफाड तालुक्यांत उसांतून बिबट्या निघतो, आणि संध्याकाळीं परसांत एकट्या मुलाला पाठवूं नये हें सांगावें लागतें. जेथें असें सांगावें लागतें तेथें ‘सर्व प्राणी आपले मित्र’ हें वाक्य लिहिणें बेजबाबदारपणाचें होय. त्याचप्रमाणें त्यांत रडगाणेंही नसावें. चिमण्या गेल्या असा विलाप पुष्कळांनीं केला. नाशिकचे मोहम्मद दिलावर ह्यांनीं मात्र घरट्यांच्या पेट्या आणि दाणा-पाण्याचीं साधनें लोकांच्या हातीं दिलीं, आणि त्यांच्या पुढाकारानें २०१० पासून २० मार्च हा दिवस जगभर चिमणी दिन म्हणून पाळला जाऊं लागला. विलाप करणाऱ्या कवितांपेक्षां भिंतीवरची एक पेटी आम्हांस अधिक वाङ्मयीन मोलाची वाटते, कारण तिच्यामुळें पुढल्या पिढीला कवितेचा विषय शिल्लक राहतो.

शेवटीं पुराविषयीं लिहिल्याखेरीज सायखेड्याच्या परसाचा विचार पुरा होणार नाहीं. २०१६ आणि २०१९ ह्या दोन्ही वर्षीं ऑगस्टच्या आरंभीं गोदावरी चढली, आणि चांदोरी व सायखेडा ह्या गांवांत पाणी शिरलें. पुराच्या वेळीं कुंपण प्रथम बुडतें. मग मांडव, मग ओटा. साप, बेडूक, उंदीर, विंचू आणि माणसें सगळींच उंच जागा शोधूं लागतात. जिन्याच्या एका पायरीवर मनुष्य आणि खालच्या पायरीवर धामण, असा देखावा अशा वेळीं दुर्मिळ नसतो. लहानपणीं प्रत्येकानें कावळ्याचें घर पावसांत वाहून गेल्याची आणि चिमणीनें दार उघडावयास उशीर लाविल्याची गोष्ट ऐकलेली असते. पुरांत सांपडलेल्या गांवाला ती गोष्ट वेगळी ऐकूं येते. दार कोणाचें, घर कोणाचें, आणि आज आपण कावळा आहों कीं चिमणी, हें त्या रात्रीं ठरलेलें नसतें.

पाणी ओसरल्यावर परसांत वीतभर गाळ साचलेला असतो. वाफे नाहींसे होतात, वेल मुळापासून गेलेला असतो. मग गाळ भेगाळण्याच्या आधीं कोणी म्हातारी मेथी फेंकते, कडेला भोपळ्याच्या चार बिया टोंचते. अंकुर वर आले कीं पहिल्या आठवड्यांतच खार येते, आणि म्हातारी तिला ‘मेले’ म्हणून हांकलते. पण एक बीं मुद्दाम अधिक टोंचलेलें असतें. हें अधिक बीं म्हणजे चमत्कार नव्हे आणि परराष्ट्रीय धोरणही नव्हे. कहाणींतल्या नियमाचाच हा व्यवहारी अवतार आहे. त्या चौथ्या बियाचा हिशेब नीट मांडून ठेवणारें पुस्तक मराठींत निघेल तेव्हां आम्ही त्याचें परीक्षण मोठ्या आनंदानें करूं. आणि तें एखाद्या गृहिणीच्या हातून लिहिलें गेलें तर आम्हांस मुळींच आश्चर्य वाटणार नाहीं.